होडीचा ट्रेलर: आधार, वजन आणि बांधणी

माणगाव काळ नदीच्या काठी वसलेले असले तरी ते बंदर नव्हे. समुद्र येथून म्हसळ्याच्या पलीकडे आहे. तरीही रस्त्याने जाणाऱ्या होडीची गाठ माणगावशी पडतेच. मुंबई-गोवा महामार्ग, जो पूर्वी १७ क्रमांकाचा होता आणि आता ६६ क्रमांकाचा आहे, तो येथून जातो. म्हसळा, श्रीवर्धन आणि दिघीकडे जाणारा रस्ता येथूनच फुटतो, आणि ताम्हिणी घाटातून मुळशी-पुण्याकडे जाणारी वाटही येथूनच निघते. त्यामुळे किनाऱ्यावरची फायबरची होडी दुरुस्तीला न्यायची असो, नवी होडी आणायची असो किंवा पर्यटकांची होडी धरणाच्या पाण्यावर न्यायची असो, ती या नाक्यावरून जाण्याचा संभव मोठा.

आपल्या भागात पुष्कळ होड्या टेंपोवर किंवा ट्रकवर घालून नेतात. परंतु जलक्रीडेच्या धंद्यामुळे दोन चाकी ट्रेलरचा वापरही होऊ लागला आहे. हे ट्रेलर कधी तयार मिळतात, कधी वेल्डिंगच्या दुकानात बनतात, आणि पुष्कळदा एका होडीसाठी केलेला ट्रेलर दुसऱ्या होडीखाली घातला जातो. खरी जोखीम येथेच आहे. होडी ट्रेलरवर चढली म्हणजे ती ट्रेलरला बसली, असा समज करून घेतला जातो. चढणे वेगळे आणि बसणे वेगळे.

आमचा धंदा कापडाचा. गाठी बांधून माल पाठवण्यात उमर गेली. माल कोणताही असो, वाहतुकीचे तीन सवाल सारखेच राहतात: माल कशावर टेकला आहे, वजन कोठे पडले आहे आणि तो कशाने बांधला आहे. होडीच्या ट्रेलरलाही हेच तीन सवाल लागू पडतात. त्यांचा जबाब याच क्रमाने दिला पाहिजे, कारण पहिला चुकला तर पुढचे दोन्ही चुकतात.

पाण्यातली होडी आणि रस्त्यावरची होडी

होडी पाण्यात असते तेव्हा ती जितके पाणी बाजूला सारते, तितक्या पाण्याच्या वजनाएवढा रेटा तिला खालून मिळतो. हा रेटा पाण्यात बुडालेल्या सगळ्या तळावर पसरलेला असतो. कोठेही एका जागी टोचत नाही. त्याच होडीला ट्रेलरवर घेतले की तेवढेच वजन चार-सहा जागांवर येते. त्यात रस्त्याचे धक्के मिळतात. पनवेल ते इंदापूर या टप्प्याच्या रुंदीकरणाचे काम २०११ मध्ये सुरू झाले आणि वर्षानुवर्षे रखडले. त्या काळात या रस्त्याच्या खड्ड्यांनी मालाचे काय हाल होतात ते आपण सर्वांनी पाहिले आहे. उभ्या गाडीत ज्या जागी ५० किलोचा दाब असतो, तेथे खड्ड्यातून जाताना क्षणभर त्याच्या कितीतरी पट दाब येतो.

फायबरची होडी पसरलेला भार चांगला सोसते, पण एका टोकावर आलेला भार तिला सोसत नाही. प्रथम वरच्या रंगाच्या थरावर केसासारख्या रेषा दिसतात. मग आतले थर सुटू लागतात आणि पाणी आत शिरते. लाकडी होडीची गोष्ट निराळी. तिचा जोर तळाच्या कण्यात असतो. वजन कण्यावर घ्यावे आणि बाजूचे आधार फक्त ती कलंडू नये म्हणून ठेवावेत. बाजूच्या फळ्यांवर वजन टाकले तर सांधे उघडतात. म्हणून ट्रेलरला हात लावण्यापूर्वी होडी कशाची आहे आणि तिचा जोर कोठे आहे, हे पाहून घ्यावे.

आधी मोजमाप

शिंपी माप घेतल्याशिवाय कैची लावत नाही. येथेही तोच उसूल आहे. पुढील मापे कागदावर लिहून घ्यावीत: होडीची लांबी व सर्वांत जास्त रुंदी, नाळेला जी लोखंडी कडी असते तिची तळापासूनची उंची, तळाच्या आतून लांबीने गेलेले बळकटीचे पट्टे कण्यापासून किती अंतरावर आहेत, आणि ज्या मागच्या फळीवर इंजिन लावतात तिची रुंदी.

मग वजन. कारखान्याने सांगितलेले वजन बहुतेक वेळा रिकाम्या होडीचे असते. त्यात इंजिन, भरलेली तेलाची टाकी, नांगर, दोर, जाळी आणि बर्फाची पेटी धरलेली नसते. समजा रिकामी होडी ४५० किलो, इंजिन ४५, टाकी व तेल ३०, बाकी सामान ७५. म्हणजे ६०० किलो झाले. ट्रेलरचे स्वतःचे वजन २५० किलो धरले तर एकूण ८५० किलो. हा आकडा ट्रेलरच्या ॲक्सलच्या, टायरच्या आणि ओढणाऱ्या गाडीच्या मर्यादेत बसला पाहिजे. टायरवर भार-क्षमतेचा अंक छापलेला असतो. गाडीची ओढण्याची मर्यादा तिच्या पुस्तिकेत पाहावी, आणि तेथे नसेल तर कंपनीच्या सर्व्हिस केंद्रात विचारावी. अंदाजावर भरवसा ठेवू नये. महामार्गावरच्या वजनकाट्यावर एकदा होडीसह ट्रेलर चढवला की सारे अंदाज संपतात.

पहिला सवाल: आधार

ट्रेलरवर लांबीने दोन किंवा चार लाकडी फळ्या असतात. त्यांवर होडीचा तळ टेकतो. मध्ये कण्याखाली रबराचे रोलर असतात. फायबरच्या होडीत बहुतेक भार या लांब फळ्यांवर यावा आणि रोलरनी होडी चढवताना-उतरवताना वाट दाखवावी, ही सोय बरी.

फळ्या बसवताना तीन गोष्टी पाहाव्यात. एक, फळी तळाच्या आतल्या बळकटीच्या पट्ट्याखाली यावी. दोन पट्ट्यांमधल्या मोकळ्या पातळ भागावर फळी आली तर तो भाग आत दबतो. दोन, फळीचा उतार तळाच्या उताराशी जुळावा. फळी आडवी आणि तळ तिरका असेल तर सारा भार फळीच्या एका कडेवर येतो. तीन, फळी मागच्या इंजिनाच्या फळीपर्यंत पोहोचली पाहिजे. इंजिनाचे वजन तेथेच असते. होडीचा मागचा भाग आधाराशिवाय बाहेर लोंबत राहिला तर प्रत्येक धक्क्याला तळ वाकतो, आणि काही महिन्यांनी तळाला कायमचा बाक येतो. असा बाक आलेली होडी पाण्यात सरळ चालत नाही आणि तेल जास्त खाते.

फळी सगळीकडे टेकली आहे की नाही हे तपासायची सोपी रीत आहे. होडी वर असताना कापडाची एक पातळ पट्टी फळी आणि तळ यांच्यामधून सरकवून पाहावी. जेथे ती सहज फिरते तेथे आधार नाही. जेथे जराही हलत नाही तेथे भार आहे. संपूर्ण लांबीत पट्टी सारखीच अडली पाहिजे. नसेल तर फळीचा ब्रॅकेट वर-खाली करावा. दोन्ही बाजूंचे बदल सारखे व्हावेत म्हणून जुन्या जागेवर खडूने खूण करून मगच यू बोल्ट सैल करावा.

एक इशारा येथेच देतो. ब्रॅकेट सैल करताना होडी फक्त जॅकवर तोलून कोणीही खाली शिरू नये. चाकांना पुढे-मागे अडणी लावावी, होडीखाली लाकडी ओंडके रचावेत, वजन ओंडक्यांवर आल्याची खात्री करावी आणि नंतरच हात घालावा. कारागिराचा हात हीच त्याची पुंजी आहे.

फळ्यांवर जे कापड चढवतात त्याबद्दल आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. सुती कापड, गोणपाट किंवा जुनी गादी वापरू नये. सुती धागा खारे पाणी धरून ठेवतो, लवकर कुजतो आणि खालची फळीही कुजवतो. पाणी न पिणाऱ्या कृत्रिम धाग्याचे जाड गालिच्यासारखे कापड घ्यावे. त्याचे खिळे फळीच्या बाजूला किंवा खाली मारावेत, वर कधीही नाही. किनाऱ्यावरची वाळू त्या कापडात अडकते आणि घासकागदाप्रमाणे तळ खरवडते, म्हणून ते वेळोवेळी धुवावे.

नाळेचा खांब

ट्रेलरच्या पुढच्या भागात एक उभा खांब असतो. त्यावर विंच आणि रबराचा ठोकळा असतो. होडी मागच्या आधारावर बरोबर बसली की हा खांब पुढे-मागे सरकवून नाळेला भिडवावा. क्रम उलटा करू नये. खांब जेथे आहे तेथे होडी ओढून थांबवली आणि मागे इंजिनाखाली आधार आहे की नाही हे पाहिलेच नाही, असे पुष्कळदा घडते.

रबराचा ठोकळा नाळेच्या कडीच्या जरा वर टेकावा, म्हणजे ब्रेक लागल्यावर होडी पुढे सरकून वर चढणार नाही. विंचचा पट्टा कडीकडे साधारण सरळ रेषेत जावा. तो वरून खाली ओढत असेल तर नाळेवर नाहक दाब येतो.

दुसरा सवाल: वजन कोठे पडते

बैलगाडी हाकणाऱ्यांना ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही. माल मागे जास्त झाला की गाडी उलाळ होते, जू वर उचलले जाते. पुढे जास्त झाला की बैलांच्या मानेवर दाब येतो. ट्रेलरचेही तसेच आहे. फरक इतकाच की बैल वेळीच थांबतो, जीप थांबत नाही. मागे भारी झालेला ट्रेलर वेग वाढला की डावी-उजवीकडे झुलू लागतो, झोके वाढत जातात आणि शेवटी तो ओढणाऱ्या गाडीलाही आपल्याबरोबर फिरवतो. घोणसे घाटासारख्या उतारावर, वळणावर, पावसात असे झाले तर नुकसान होडीपुरते राहत नाही. समोरून येणाऱ्या एसटीत आणि रिक्षात माणसे असतात.

हिशेब असा आहे. होडीच्या ट्रेलरच्या पुढच्या दांड्यावर, म्हणजे गाडीला जोडतात त्या टोकावर, एकूण वजनाच्या साधारण ५ ते १० टक्के भार यावा. आमच्या उदाहरणात ८५० किलोला हा भार सुमारे ४३ ते ८५ किलो होतो. ६० किलोच्या आसपास ठेवावा. गाडीच्या हुकाची जी मर्यादा असेल तिच्या वर मात्र जाऊ नये. भार फार जास्त झाला तर गाडीचे मागचे पाटे दबतात, पुढची चाके हलकी होतात आणि स्टिअरिंग सैल लागते.

हे मोजायला दुकानातला साधा काटा चालतो. ट्रेलर सपाट जागी उभा करावा, चाकांना अडणी लावावी, काट्यावर लाकडी ठोकळा ठेवून दांड्याचे टोक त्यावर टेकवावे. टोकाची उंची गाडीला जोडल्यावर जेवढी असते तेवढीच असावी आणि होडीत नेहमीचे सामान असावे. रिकाम्या होडीवर केलेले मोजमाप रस्त्यावर उपयोगी पडत नाही.

समजा काट्याने ३० किलो दाखवले. म्हणजे आणखी ३० हवेत. ते दोन प्रकारे मिळतात. होडी पुढे सरकवली तर भार वाढतो. त्याचे गणित सोपे आहे: होडीचे वजन गुणिले सरकवलेले अंतर, भागिले ॲक्सलपासून जोडापर्यंतचे अंतर. ६०० किलोची होडी २० सेंटिमीटर पुढे घेतली आणि ॲक्सल ते जोड अंतर ४ मीटर असेल, तर ३० किलो वाढतात. पण होडी पुढे गेली की तिचा तळ आधाराच्या फळ्यांवरूनही पुढे जातो, आणि पहिल्या सवालाचे सारे काम बिघडते. म्हणून होडी हलवण्याऐवजी ॲक्सल मागे सरकवणे हा उत्तम मार्ग. चांगल्या ट्रेलरमध्ये ॲक्सल यू बोल्टने धरलेला असतो तो याचसाठी. वरच्या उदाहरणात तो १५ ते १८ सेंटिमीटर मागे घेतला की काम होते.

ॲक्सल सरकवताना दोन्ही बाजूंची मापे जोडाच्या मध्यबिंदूपासून फितीने घ्यावीत. एक बाजू जराही पुढे-मागे राहिली तर ट्रेलर तिरका चालतो आणि टायर एका अंगाने झिजतात. नंतर चाक आणि मडगार्ड यांत पाटा दबल्यावरही पुरेशी जागा राहते की नाही, आणि होडीचा तळ कोठे लोखंडी आडव्या पट्टीला टेकत नाही ना, हे पाहावे.

नांगर, तेलाचे डबे, बर्फाची पेटी या सामानाची जागाही ठरवून द्यावी. आज पुढे, उद्या मागे असे केले तर काट्यावर केलेला हिशेब राहत नाही. होडीतले साचलेले पाणी काढून टाकावे. १ लिटर पाणी म्हणजे १ किलो, आणि उतार-चढावर ते इकडून तिकडे धावते.

तिसरा सवाल: बांधणी

विंच हे होडी वर ओढण्याचे साधन आहे, तिला धरून ठेवण्याचे नाही. विंचच्या दात्यावर भरवसा ठेवून निघू नये. नाळेच्या कडीतून एक स्वतंत्र साखळी ट्रेलरच्या सांगाड्याला बांधावी. मागच्या बाजूला दोन कड्यांतून दोन पट्टे खाली सांगाड्याला घट्ट करावेत. होडीच्या काठावरून आडवा पट्टा टाकून तो आवळत राहिले तर फायबरचा काठ दबतो, म्हणून तसा पट्टा असला तर तो जादा समजावा आणि त्याखाली कापडाची घडी घालावी.

पट्टा कोणत्या धाग्याचा आहे हे विचारून घ्यावे. नायलॉनचा दोर मजबूत खरा, पण तो ताणला की लांबतो, आणि भिजला की अधिकच सैल पडतो. दुकानात घट्ट बांधलेली होडी पावसात काही मैलांवर हलू लागते ती यामुळे. पॉलिएस्टरचा रॅचेट पट्टा फार कमी ताणतो आणि भिजून सैल होत नाही. स्वस्त प्लास्टिकचा दोर उन्हाने भुरभुरीत होतो. पट्ट्याच्या कडेला धागे सुटलेले दिसले, शिवण उसवलेली दिसली किंवा तो पिवळा-कडक झाला असेल तर तो बदलावा. कापडवाल्याच्या डोळ्याला जे फाटके दिसते ते ओझ्याखाली आधी तुटते.

इंजिन वर उचलून त्याला आधाराचा दांडा लावावा. नुसते वर उचलून सोडले तर धक्क्यांनी मागच्या फळीवर घाव बसतात. ट्रेलरच्या जोडाला दोन सुरक्षा साखळ्या असाव्यात आणि त्या दांड्याखाली एकमेकींवरून फुलीसारख्या जाव्यात, म्हणजे जोड निसटलाच तर दांडा रस्त्यात न घुसता साखळ्यांच्या झोळीत अडकतो. साखळ्या वळणाला पुरतील इतक्या सैल, पण जमिनीला न लागतील इतक्या आखूड असाव्यात.

नव्याने सैल करून आवळलेले नट पहिल्या प्रवासात बसतात आणि थोडे ढिले पडतात. माणगावहून निघाल्यावर मोर्ब्याला एकदा थांबावे, पट्टे व नट तपासावेत, हबला हात लावून पाहावा. म्हसळ्याला पुन्हा तपासावे. हा वेळ वाया जात नाही.

चाके आणि खारे पाणी

होडी उतरवण्यासाठी ट्रेलर पाण्यात नेतात. लांबून आलेल्या चाकाचा हब गरम असतो. तो तसाच समुद्रात बुडवला तर आतली हवा एकदम थंड होऊन आकसते आणि खारे पाणी आत ओढले जाते. मग ग्रीस खराब होऊन बेअरिंग गंजते आणि परतीच्या वाटेवर जाम होते. म्हणून किनाऱ्यावर पोहोचल्यावर हब गार होईपर्यंत थांबावे. ट्रेलरच्या दिव्यांची वायर गाडीपासून काढून ठेवावी. काम झाले की ट्रेलर गोड्या पाण्याने धुवावा, विशेषतः पाटे, यू बोल्ट आणि ब्रेक. बेअरिंगचे ग्रीस नियमाने बदलावे. जस्ताचा मुलामा दिलेले लोखंड किनाऱ्यावर रंगवलेल्या लोखंडापेक्षा जास्त टिकते, पण नंतर कोणी भोक पाडले किंवा वेल्डिंग केले तर तेथला मुलामा जातो. त्या जागेवर जस्ताचा रंग लावावा.

कागदपत्रे

मोटार वाहन कायदा १९८८ प्रमाणे ट्रेलर हे स्वतंत्र वाहन आहे आणि रस्त्यावर आणण्यासाठी त्याची नोंदणी लागते. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ प्रमाणे वाहनाची रुंदी २.६ मीटरच्या वर असू नये. रुंद होडी आणताना हे माप आधी पाहावे. वेल्डिंगच्या दुकानात नवा ट्रेलर बांधण्यापूर्वी किंवा जुन्याच्या सांगाड्यात मोठा बदल करण्यापूर्वी पेणच्या परिवहन कार्यालयात चौकशी करावी. मागचे दिवे, ब्रेकचा दिवा, इशाऱ्याचे दिवे आणि परावर्तक पट्ट्या चालू असाव्यात, कारण होडीमुळे ओढणाऱ्या गाडीचे दिवे झाकले जातात. विमा कंपनीला ट्रेलर व होडी दोन्ही सांगून कागदावर घ्यावे.

कारागीर बांधवांसाठी

वेल्डिंग, फॅब्रिकेशन आणि गॅरेजचे काम करणाऱ्या बांधवांना आमची सूचना अशी की या कामाला हुनराचे काम समजून त्याची वेगळी मजुरी ठरवावी. ग्राहक "जरा खालीवर करून द्या" म्हणतो आणि घाईत निघून जाऊ पाहतो. त्याला काटा दाखवावा. होडीचे वजन, दांड्यावरचा भार, ॲक्सलची जागा आणि तारीख एका वहीत लिहून त्याची नक्कल ग्राहकाला द्यावी. उद्या त्याने मोठे इंजिन लावले तर तो त्या कागदाने पुन्हा तुमच्याकडेच येईल. धंदा असाच वाढतो, आणि काही वाईट घडले तर तुमचे काम कसे होते हेही त्या कागदावर असते.

या कामाचा हंगामही लक्षात ठेवावा. राज्यात यांत्रिक होड्यांची पावसाळी मासेमारी बंदी १ जूनपासून सुरू होते. होड्या किनाऱ्यावर चढतात त्याआधीच ट्रेलर तपासून तयार असावेत. आणखी एक कारण आहे. जुलै २०२१ मध्ये शेजारचे महाड सावित्रीच्या पुरात बुडाले, तेव्हा पाण्यात अडकलेल्यांना बाहेर काढायला होड्याच कामी आल्या. पुराच्या रात्री फळ्या जुळवायला, काटा शोधायला कोणाला सवड नसते. ज्याचा ट्रेलर कोरड्या दिवसांत बसवून ठेवलेला आहे, त्याचीच होडी वेळेवर पोहोचते.

होडी ही कुटुंबाची कमाई असते, पुष्कळदा कर्जाची असते. तिला सांभाळायला लागते ते एक फीत, एक काटा, खडूचा तुकडा आणि अर्ध्या दिवसाची मेहनत. एवढी एहतियात प्रत्येक मालकाने आणि कारागिराने करावी, अशी आमची कळकळीची विनंती आहे.